कोणतंही बटण दाबा

काका – सांगून कोणाचा विश्वास बसणार नाही, पण हा लॅपटॉप सकाळपासून अठ्ठेचाळीस वेळा मेला आणि अठ्ठेचाळीस वेळा पुन्हा जिवंत झाला!

(दुपारची वेळ. दुरुस्तीच्या दुकानात काका चालू लॅपटॉप दोन्ही हातांवर ताटासारखा धरून उभे.)

दुरुस्तीवाली – अठ्ठेचाळीस?

काका – इतका तापला होता की मांजर त्याच्यावर येऊन झोपलं, आणि उठलं ते पोटाकडून इस्त्री होऊनच.

दुरुस्तीवाली – काका, आकडा खरा सांगा. मला त्यावरून दोष शोधायचाय.

काका – अकरा.

दुरुस्तीवाली – आणि मांजर?

काका – मांजर शेजाऱ्यांचं आहे, ते कशाला येतंय? पण बाराव्यांदा सिस्टीम टाकायचं चालूच आहे, म्हणून तसाच उघडा उचलून आणलाय.

दुरुस्तीवाली – ठेवा इथे. बसा त्या स्टुलावर. मुळात बिघडला कसा?

काका – बाई, मी चाळीस वर्षं लिफ्टा दुरुस्त केल्या. लिफ्ट अडकली की पहिलं काम काय? मेन स्विच पाडायचा. काल पडद्यावर आलं, 'अपडेट चालू आहे, बंद करू नका.' गोल फिरतंय, फिरतंय, तास झाला तरी जागचं हलेना. म्हटलं, अडकलं. पाडला मेन स्विच!

दुरुस्तीवाली – म्हणजे बटण दाबून धरलंत.

काका – श्वास थांबेपर्यंत.

दुरुस्तीवाली – 'बंद करू नका' असं डोळ्यांसमोर लिहिलेलं असताना.

काका – तिथंच चुकलो. नंतर चालू म्हणून होईना. मग भाच्यानं पेनड्राइव्ह भरून दिला, म्हणाला यातून नवी सिस्टीम टाक. तेव्हापासून मात्र पडदा सांगेल ते ऐकतोय. अक्षरन् अक्षर.

दुरुस्तीवाली – आत एवढं काय आहे? लॅपटॉपपेक्षा तुमचंच तोंड उतरलंय.

काका – माझं काही नाही हो. आमच्या हिचं आहे. नर्स होती, पस्तीस वर्षं. निवृत्त झाली आणि आठवणी लिहायला बसली. दोन वर्षं, दोनशे बारा पानं. सगळी एका बोटानं.

दुरुस्तीवाली – कॉपी कुठे ठेवलीय?

काका – कॉपी म्हणजे?

दुरुस्तीवाली – राहू द्या. काकूंना माहीत आहे हे?

काका – ती बहिणीकडे गेलीय. सहाच्या गाडीनं येईल. आल्या आल्या पाय धुते, चहा घेते आणि लिहायला बसते. आज बसली की काय सांगू?

दुरुस्तीवाली – घड्याळाकडे नका बघू, इकडे बघा. फायली भरून झाल्या.

काका – इथवर दर वेळी येतं. आता बघा हं, गचका बसेल. बसला! गेला! परत चालू. आणि आता हे आलं, 'कोणतंही बटण दाबा.' दाबतो.

दुरुस्तीवाली – थांबा! हात वर!

काका – अहो, ते सांगतंय!

दुरुस्तीवाली – सकाळपासून दर वेळी दाबलंत?

काका – दर वेळी. 'कोणतंही' म्हणतंय म्हणून दर वेळी वेगळं दाबलं, उगाच एकावरच अन्याय नको.

दुरुस्तीवाली – काका, ते विचारतंय, पेनड्राइव्हपासून परत सुरुवात करायची का? काही दाबलं नाही की आपसूक पुढे जातं. तुम्ही अकरा वेळा 'हो' म्हणालात, आणि ते बिचारं अकरा वेळा पहिल्यापासून कामाला लागलं.

काका – म्हणजे यंत्र ठणठणीत आहे?

दुरुस्तीवाली – एकदम. मधे एक-दोनदा स्वतःच बंद होऊन चालू होतं, ती त्याची रीतच आहे. तुम्ही हात खिशात घालून बसला असतात तरी सकाळीच झालं असतं.

काका – हात खिशात घालून दुरुस्त झालेलं यंत्र चाळीस वर्षांत एक पाहिलं नाही मी.

दुरुस्तीवाली – आज पाहा. हा पेनड्राइव्ह काढला. आता मला काळजी आहे ती वेगळीच. आतल्या डिस्कचे दोन भाग आहेत, दोन खोल्या समजा. सिस्टीम टाकताना दर वेळी कोणती खोली पुसलीत?

काका – वरची. वरचीच असावी.

दुरुस्तीवाली – असावी?

काका – शेवटी शेवटी चष्म्यावर घाम आला होता.

दुरुस्तीवाली – पानं खालच्या खोलीत असली आणि तिला हात लागला नसला, तर आहेत. अजून वीस मिनिटं कळणार नाही. तोवर काहीतरी बोला, पण बटणांपासून लांब.

काका – मग आमचं लग्न कसं जमलं ते ऐका. हेही कोणाला पटत नाही. इस्पितळाची लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे अडकली. आत एक बाई, दिवस भरलेली, कळा सुरू, आणि सोबत एक नर्स. मी वरून दोराला लोंबकळत उतरलो, पाना दातांत! झाकण उघडून आत उडी घेतली, तेवढ्यात बाळ यायला लागलं. नर्सचे हात लटपटतायत. म्हटलं, सिस्टर, सरका बाजूला. आणि बाळ अलगद झेललं, या दोन हातांवर!

दुरुस्तीवाली – लॅपटॉप आणलात तसं?

काका – डिट्टो. नर्स तिथल्या तिथे भाळली.

दुरुस्तीवाली – नर्सचे हात लटपटले आणि लिफ्टवाल्याचे नाहीत?

काका – पोलादाची सवय, बाई.

दुरुस्तीवाली – हं. आला बघा पडदा.

काका – दाबू काही?

दुरुस्तीवाली – नाही! खालची खोली उघडते. एक फोल्डर आहे. 'माझं'.

काका – तिचंच! तिच्या कपाटावरही तेच लिहिलंय.

दुरुस्तीवाली – फाइल आहे, काका. दोनशे बारा पानं दाखवतंय.

काका – आकड्यांचं काय घेऊन बसलात, आकडे तर मीही सांगतो. आत शब्द आहेत का बघा. कोणतंही पान उघडा.

दुरुस्तीवाली – एकसष्ट. तुम्हीच वाचा ना.

काका – नको. पुरं झाल्याशिवाय वाचायचं नाही, अशी तिची ताकीद आहे. ऐकायचं नाही असं काही म्हणालेली नाही.

दुरुस्तीवाली – 'डोकं दिसायला लागलं आणि लिफ्टच्या छताचं झाकण सरकलं. एक मेकॅनिक डोकावला. त्याला म्हटलं, टॉर्च धर आणि तोंड बंद ठेव. बाळ रडलं, तसा वर धप्पकन आवाज झाला...' काका?

काका – वाचा, वाचा.

दुरुस्तीवाली – 'मेकॅनिक टपावर गार पडला होता. हात तेवढा झाकणातून खाली लोंबत होता. पण मुठीतला टॉर्च सुटला नव्हता. नाळ मी त्याच उजेडात कापली.' अहो काका, थाप मारलीत! बाळ तुमच्या हातात आलंच नव्हतं! तुम्ही तर बेशुद्ध होतात!

काका – 'गार' असंच लिहिलंय?

दुरुस्तीवाली – 'गार पडला होता.' हे काय.

काका – मग सगळं आहे. शब्द तिचाच आहे. मिटा आता हळूच.