देठाला दात आहेत का?

अरे, एका झाडाचं नाव शोधताना माझा जीव जायचा राहिला! मी भिवंडीत वनस्पतिशास्त्र शिकवते. गणेशपुरीजवळ शेताच्या बांधावर पंख्यासारख्या पानांचं गुडघाभर झाड दिसलं. देठाला करवतीसारखे दात आहेत का, ते चाचपायला मी वाकून हात घातला. आत काहीतरी खरखरलं. मला वाटलं, सुकलेलं पान असेल.

शेतमालकीण कमळाबाई मागून हळूच म्हणाल्या, "मॅडम, हात हलवू नका. फुरसं हाय."

माझ्या बोटांपासून वीतभर अंतरावर ते वेटोळं घालून बसलं होतं. मी हात होता तिथेच ठेवला. शेवटी ते सरपटत निघून गेलं आणि मला रडूच फुटलं.

कमळाबाईंनी पाणी दिलं. "पन हात कशाला घातलात?"

"झाड कोणतं, ते ओळखायला."

"मंग मला इचारायचं न्हाय का? ताडाचं पोर हाय ते!"