धिंगरीला बटणाचा टाका

मास्तरीण : हात लावू नका. लांबूनच सांगा, हे काय आहे?

मास्तर : बादली आहे. रंगाची रिकामी बादली. आपली धिंगरी अळंबीची.

मास्तरीण : बादली मलाही दिसतेय. आतलं विचारते.

मास्तर : पेंढा. दोन महिन्यांचा, कुजका. तू झाकण कशाला उघडलंस?

मास्तरीण : खालची सिस्टर न्यायला येतेय. सकाळी सांगून गेली, ‘वहिनी, मास्तरांची ती गुणाची बादली मला द्या, माझ्या बादल्यांत काही उगवत नाही.’ म्हटलं धुऊन द्यावी. पेंढा उपसला, तर प्रत्येक भोकाशी आतून हे लोंबतंय.

मास्तर : मुळं असतील.

मास्तरीण : अळंबीला मुळं?

मास्तर : तंतू म्हणतात त्याला. पांढरे असतात.

मास्तरीण : असतात ना. पण ते दुपदरी, चाळीस नंबरच्या दोऱ्याचे नसतात. शेवटी गाठ मारलेले तर नसतातच.

मास्तर : झाकण लाव आधी.

मास्तरीण : बत्तीस वर्षं तुमच्या दुकानात काज-बटण मी केलं. बटणाखाली देठ ठेवून चार फेरे, वर आडवा फास. हा टाका मी अंधारातसुद्धा ओळखेन. मला तुम्हीच शिकवलात.

मास्तर : जरा हळू बोल. जिन्यात ऐकू जातं.

मास्तरीण : तुम्ही धिंगरी शिवलीत?

मास्तर : शिवली असं नाही. अडकवली.

मास्तरीण : किती?

मास्तर : सात भोकं, सात झुबके.

मास्तरीण : आणले कुठून?

मास्तर : बाजारातून. त्या रविवारी सकाळी फिरायला गेलो होतो ना, तेव्हा. पिशवी शर्टाच्या आत घालून आणली. तू आंघोळीला गेलीस तेवढ्या वेळात काम उरकलं. भारी नाजूक प्रकार गं. सुई जरा जोरात ओढली की देठ चरचर फाटतो. मलमलसुद्धा बरी. त्यात दोन झुबके उलटे बसले, पंख्याच्या घड्या वर—

मास्तरीण : कौतुक सांगू नका.

मास्तर : बरं.

मास्तरीण : तरी मी म्हणत होते, दुसरा बहर का येत नाही. तर तुम्ही म्हणालात, बादली बाळंतीण आहे, तिला आराम हवा.

मास्तर : तेव्हा तूही हसली होतीस.

मास्तरीण : हसले होते, तीच चूक झाली. बोला पुढे.

मास्तर : खरी उगवणार होती गं. बियाणं उत्तम होतं. पेंढा तापवला, पिळला, सगळं रीतसर केलं. फक्त निवायची वाट बघवली नाही. गरमागरमच भरला. बियाणं आत शिजलं. पंधरा दिवसांनी वास सुटला. आणि तोवर मी अख्ख्या इमारतीला आमंत्रण देऊन बसलो होतो.

मास्तरीण : ‘येत्या रविवारी दर्शन.’ नोटीस लावली होती तुम्ही, जिन्याच्या कठड्याला.

मास्तर : लोक आले की नाही? तळमजल्यापर्यंत रांग होती.

मास्तरीण : आणि त्या रांगेत सिस्टर होती. तिला तुम्ही काय काय सांगितलंत?

मास्तर : तिनं विचारलं, पेंढा उकळायचा का. मी म्हटलं, अजिबात नको, उकळलं की बियाणं मरतं. ते तर मी अनुभवानंच सांगितलं.

मास्तरीण : मग काय करायचं म्हणालात?

मास्तर : नळाच्या पाण्यात अर्धा तास.

मास्तरीण : आणि मशीन?

मास्तर : कसलं मशीन?

मास्तरीण : महिनाभर संध्याकाळी खालून पायाच्या मशीनची घरघर येतेय. मला वाटलं, निवृत्त झाल्यावर बाईनं शिवण घेतलं. आज तिनंच सांगितलं. मास्तर म्हणाले, धिंगरी टेलरच्या घरी फोफावते, तिला मशीनची घरघर लागते. रोज पाऊण तास ती बादलीशेजारी बसून रिकामं मशीन चालवते. ना दोरा, ना कापड.

मास्तर : ते मी गमतीनं म्हटलं होतं. सगळे हसले.

मास्तरीण : सिस्टर हसली होती?

मास्तर : आता आठवतंय… ती लिहून घेत होती.

(दारावर टकटक.)

सिस्टर : वहिनी, येऊ का? अरे वा, मास्तरही आहेत. बादलीचंच सांगायला आले. नका देऊ. नको मला.

मास्तरीण : ये, बस आधी. का गं, सकाळी तर हवी होती.

सिस्टर : तुमच्याकडून खाली गेले आणि माझ्या चौथ्या बादलीचं झाकण उघडलं. बुरशीनं हिरवीगार. बागेत उपडी केली आणि हात धुतले. आता बास.

मास्तर : होते हो हिरवी कधी कधी. हवेत दमटपणा असला म्हणजे—

मास्तरीण : अहो.

मास्तर : बरं.

सिस्टर : हवा कशाला मध्ये आणता, मास्तर? तुमची आणि माझी हवा एकच. बियाणं एका ठिकाणचं, पेंढा एका गंजीतला, बादल्यासुद्धा एकाच रंगाऱ्यानं दिल्या. वर उगवतं, खाली कुजतं. फरक फक्त हातांचा. हे बघा, कसे थरथरतात. वॉर्डात मला सुई टोचायच्या कामावरून काढलं ना, तेव्हा मनात म्हटलं होतं, सुई नाही तर नाही. दुसरं काहीतरी जिवंत वाढवून दाखवीन. दिसलंच काय वाढतंय ते.

मास्तरीण : असं काय बोलतेस?

सिस्टर : काल लेक आलीय, दीड महिन्याचं बाळ घेऊन. मघाशी टबात पाणी काढलं आणि बाळ माझ्यापुढे धरून म्हणाली, आई, तू घाल आंघोळ. मी म्हटलं, तूच घाल. तर म्हणते, हजार बाळं धुतलीस तू. मी म्हटलं, ते हात वेगळे होते. या हातात चार बादल्या मेल्या. आणि उठून वर आले.

मास्तरीण : ऐकलंत?

मास्तर : ऐकलं.

मास्तरीण : तुम्ही सांगता की मी सांगू?

मास्तर : मी सांगतो. सिस्टर, आमच्या दुकानात एकदा एक गिऱ्हाईक आलं होतं, साडेसात फूट उंच. मापाची फीत संपली, तरी—

मास्तरीण : अहो.

मास्तर : सिस्टर, त्या बादलीत बघा. आतून, भोकांशी.

सिस्टर : दोरा आहे.

मास्तर : मी शिवली होती ती धिंगरी.

सिस्टर : शिवली म्हणजे?

मास्तर : सुईदोऱ्यानं. बाजारातून विकत आणून. माझ्या बादलीत कधीच काही उगवलं नाही. एक छत्रीसुद्धा नाही.

सिस्टर : मी हात लावून पाहिली होती त्या रविवारी. मनात म्हटलं, किती घट्ट धरून आहे.

मास्तर : चार फेरे दिले होते.

सिस्टर : आणि पेंढा?

मास्तर : तापवावाच लागतो. तासभर, हात घालवणार नाही अशा पाण्यात. मग पिळून, पूर्ण निववून भरायचा. नाहीतर पेंढ्यातली मूळची बुरशी बियाण्याला गिळते. कुणीही भरली असती तरी ती बादली हिरवीच झाली असती. दगडासारखे स्थिर हात असते, तरी.

सिस्टर : आणि मशीन?

मास्तर : तीही थाप.

सिस्टर : जावेकडून आणवलं मी ते. दोन माणसं लावून जिना चढवलं.

मास्तर : धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालंय मला.

मास्तरीण : दुसऱ्या मजल्यावर राहतो आपण. खाली पडलात तर सिस्टरच्याच घरात पडाल.

सिस्टर : तीस वर्षं, मास्तर. तीस वर्षं चिमटा असो, वाटी असो, उकळल्याशिवाय मी हातात धरली नाही. नळाच्या पाण्यात पेंढा घालताना आतून कुणीतरी सांगत होतं, हे चुकतंय. पण म्हटलं, मास्तरांकडे तर एवढं उगवलंय, माझंच काहीतरी जुनाट असेल. आपल्याला येतं ते सोडून मी तुमचं ऐकलं. मला माझीच लाज वाटतेय.

मास्तर : तुम्ही नका वाटून घेऊ. ती सगळी माझ्या वाट्याची आहे.

सिस्टर : रोज जिन्यात भेटत होता. ‘काय सिस्टर, आली का धिंगरी?’ असं विचारत होता. तेव्हा सांगावंसं नाही वाटलं?

मास्तर : दर वेळी ठरवूनच थांबायचो. मग तुम्ही म्हणायचात, ‘मास्तर, तुमच्यासारखा हात नाही हो कुणाला.’ आणि माझं राहून जायचं.

सिस्टर : का?

मास्तर : गोड वाटायचं ऐकायला. दुकान बंद केल्यापासून माझ्या हाताला कुणी काही म्हटलं नव्हतं.

मास्तरीण : मला सांगायचं होतंत. मी म्हटलं असतं.

मास्तर : तू खरं तेवढंच म्हणतेस.

सिस्टर : पण हात थरथरतातच ना, मास्तर. तुमचं खोटं निघालं म्हणून ते थांबले नाहीत.

मास्तर : नाही थांबले. पण बादल्या त्यांनी मारल्या नाहीत. मी मारल्या. वरच्या मजल्यावर बसून.

मास्तरीण : लेक बाळाला धरेल, तू पाणी घाल. दोघींनी मिळून काय अवघड आहे? इतकी वर्षं हेच तर केलंस.

सिस्टर : तिला आता काय सांगू? रागानं उठून आलेय मी. टबातलं पाणी निवत असेल.

मास्तर : मी येतो खाली. मीच सांगतो तिला.

सिस्टर : मी पाठवलेला तुमच्या बादलीचा फोटो तिनं ऑफिसच्या ग्रुपवर टाकलाय. ‘आमच्या वरचे मास्तर’ म्हणून.

मास्तर : हो?

सिस्टर : हो. दोघीतिघींनी बादल्यासुद्धा आणल्यात म्हणे.

मास्तर : मग तर आलंच पाहिजे. त्यांनी पेंढा भरायच्या आत.

मास्तरीण : चपला दारामागे आहेत.

मास्तर : तूही चल ना.

मास्तरीण : नको. मी ऐकायला असले की तुम्ही वाढवून सांगता.