हिवाची टीम

“अगं आई, जो देश नकाशातच नाही, त्याची टीम कसली?” परदेशात, ल्यूकन गावातल्या त्याच्या घरात माझा मंदार माझ्यावरच आवाज चढवत होता, बायांनो. त्याचा शेजारी हिवा कुर्द आहे, म्हणजे स्वतःचा देश नसलेल्या लोकांपैकी. मान्यता नसलेल्या देशांच्या फुटबॉल स्पर्धेत तो कुर्दांचा गोलकीपर होणार होता. कोरोनानं स्पर्धाच रद्द झाली. बिचारा कुंपणापाशी सांगायला आला, तर आमचे चिरंजीव म्हणाले, “जाऊ दे रे, खरा वर्ल्डकप थोडाच होता?” हिवा मान खाली घालून घरात गेला.

“माफी माग जा त्याची,” मी म्हटलं.

“कशाबद्दल? खरं तेच बोललो.”

“मी जन्मले तेव्हा महाराष्ट्रसुद्धा नकाशात नव्हता, मग तो नकाशात येईपर्यंत तुझी आई मराठी नव्हती का, ते जा, हिवालाच विचारून ये!”