सुटलेला कंस

व्हय, हे काँप्युटरवरचं रोजच बिघडतंय. सकाळी चालतंय, दुपारी अडतंय — आमच्या मालकांनी, राजवर्धनसाहेबांनी, तुमाला पुण्यास्नं उगाच बोलावलं न्हाई. बसा की. हळू बोला फक्त, आत आमचे हे झोपल्यात. अमृत. हे सगळं त्यांनीच लिवलंय — जतच्या मेंढरंवाल्या घरातले, पर ह्या कुपवाडच्या कारखान्यात पंपाच्या साच्यांची ड्रॉइंगं त्यांनी लिस्पवर, त्या जुन्या काँप्युटर-भाषेवर, बसवली. तुमी लिस्प केलंय का कवा? न्हाई ना, आता कोण करतंय. त्यात प्रोग्रॅम म्हंजे नुसती यादी असती, कंसातली — यादीच्या पोटात आणिक यादी. मग काय हुतं? प्रोग्रॅमच दुसरा प्रोग्रॅम माहितीसारखा उघडतो, हवा तो तुकडा बदलतो आन् चालवतो. नव्या मापाचा पंप आला की ड्रॉइंगचा प्रोग्रॅम मी लिवत न्हाई, ह्यांचा प्रोग्रॅमच लिवतो. मला हे कळायलाच लय दिवस लागले, लगीन झाल्यावर.

मग ह्यांना झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. माझं नाव, 'क्रांती', म्हणता येत न्हाई, 'पाणी' बी न्हाई. डॉक्टर म्हणाले, बोलतं ठेवा — कसं ठेवायचं? मी हितं कामाला, घरी बघायला कोण न्हाई म्हणून हितं आणून बसवायला लागले. एकदा मशीन अडलं — तवा खरंच अडलं हुतं — तर ह्यांनी डाव्या हाताचं बोट स्क्रीनवर टेकवलं. कंस सुटला हुता तिथं. मी टाकला, चाललं. आन् हे हसले. तोंडाची एकच बाजू हसली, पर हसले.

तवापास्नं… तवापास्नं काय न्हाई. जुनं झालंय, बिघडतंय. — रोज एकच कंस कसा जातो म्हणता? फायलीवर बदल केल्याची वेळ दिसती व्हय? जेवणाच्या सुट्टीतली. त्या वक्ताला हितं कोण असतं… मीच असते.

दमले ओ मी. काल ह्यांनी बोट ठेवलं आन् वळून माझ्याकडं बघितलं, लय वेळ. त्यांना बी कळलंय वाटतं. तरी बोट काढलं न्हाई.

बसवा तुमी नवं सॉफ्टवेअर. साहेबांचं बी खोटं न्हाई, माल अडतोय. पर आज नको. उद्या या — आन् आता उठा, ह्यांना जागं करायचंय, आजचा कंस राह्यलाय.