फेकलेली पानं

(पेतेनच्या जंगलातल्या एका गावातलं शातेच्या पानांचं गोदाम. शाते म्हणजे रानातलं बुटकं ताडझाड; त्याची पानं पुष्पगुच्छांसाठी परदेशी जातात. दुपार. पानं तोडण्यात जन्म घालवलेले डॉन तिबुर्सिओ, गावच्या सहकारी संस्थेची अध्यक्ष असलेली त्यांची मुलगी निनेत, आणि राजधानीच्या विद्यापीठात वन-अर्थशास्त्र शिकवणाऱ्या ओदिलिया.)

तिबुर्सिओ : चारशे म्हणजे गोदामवाल्यानं घेतलेली, डॉक्टरबाई. तोडलेली नव्हेत.

ओदिलिया : मग तोडलेली किती?

तिबुर्सिओ : सातशे, कधी आठशे. डागाळलेली, फाटकी, आखूड, सगळी तो बाजूला भिरकवायचा. म्हणून तर म्हटलं, आजचा कचरा काहीच नाही. तेव्हा इथं डोंगर असायचा.

ओदिलिया : तीस वर्षांपूर्वी तुमच्याच दारात बसून मी विचारलं होतं, दिवसाला किती शाते तोडता?

तिबुर्सिओ : आणि मी चारशे म्हणालो. फेकून दिलेलं काम कोण सांगतं हो? लाज वाटते माणसाला.

निनेत : पापा, तोंडाला कुलूप घाला! तीस वर्षं बोलला नाहीत आणि नेमकं आज?

तिबुर्सिओ : कुणी विचारलं होतं? आज ह्यांनी ढिगाकडे बोट दाखवलं, मी सांगितलं.

निनेत : डॉक्टरबाई, उद्या फ्लोरेस शहरात सरकारपुढं सुनावणी आहे. पंचवीस वर्षांसाठी जंगल पुन्हा आमच्याकडे राहायचंय. आम्ही जंगल राखून पानं तोडतो, असं सांगणारं तुमचंच पुस्तक तिथं पुढं करणार आहोत आम्ही.

ओदिलिया : त्या पुस्तकातला एकेक तक्ता ह्या चारशेवर उभा आहे, निनेत. त्यावर मी डॉक्टरेट घेतली, प्राध्यापक झाले, मंत्र्यांना सल्ले दिले. चारशे तोडली तर झाड भरून येतं. आठशे तोडली तर नाही येत.

तिबुर्सिओ : नाहीच आलं. ही रांगत होती तेव्हा शाते परसात होती. पुढं दोन-दोन दिवस चालावं लागायचं.

ओदिलिया : मला नाही दिसलं ते.

तिबुर्सिओ : दिसणार कसं? तुमचे बूट कोरे करकरीत. म्हटलं, ह्या शहरी पोरीचे पाय सोलतील, म्हणून जवळच्या ओढ्याकाठीच फिरवलं.

निनेत : झालं गेलं ते! आठ वर्षं झाली गोदाम आमच्या ताब्यात येऊन. आता बायका पान न् पान निवडतात. डागाळलेलं आणलं की माझी मावशी चारचौघांत वाभाडे काढते, मग काय बिशाद आहे कुणाची? आता चारशे म्हणजे चारशे. परसातली शातेसुद्धा परत आलीय.

ओदिलिया : लिहून ठेवलंय?

निनेत : आठ वह्या आहेत. फेकलेलं पानही लिहितो आम्ही.

ओदिलिया : मग उद्या त्या वह्या दाखवायच्या. आणि पुस्तक चुकलं होतं, हे मी सांगणार.

निनेत : डोकं फिरलंय का तुमचं? ‘पुस्तक चुकलं’ एवढंच ऐकू जाईल त्यांना. जंगल कापून गुरं चारायला टपलेले समोरच बसलेले असतील!

ओदिलिया : ठाऊक आहे. मला भीतीही वाटतेय.

तिबुर्सिओ : पुढच्या महिन्यात निवृत्त ना तुम्ही? मग कशाला हा विकतचा ताप? आमच्याबद्दल चांगलंच लिहिलंय, राहू द्या की.

ओदिलिया : चांगलं लिहिलंय, पण खरं नाही. दरवर्षी साठ पोरांना तेच शिकवत आले.

निनेत : आणि जंगल गेलं तर?

ओदिलिया : तर माझ्यामुळे गेलं.

निनेत : त्यानं आमची चूल पेटणार नाही.

ओदिलिया : नाही पेटणार.

तिबुर्सिओ : मी येतो बरोबर. चारशे मी म्हणालो, ह्यांनी नुसतं उतरवून घेतलं.

निनेत : तुम्हाला कोण बोलू देणार तिथं?

ओदिलिया : मला वीस मिनिटं दिलीत. दहा त्यांची.

तिबुर्सिओ : दहा मिनिटं कशाला? ‘फेकलेली मोजली नाहीत’ म्हणायला किती वेळ लागतो?

ओदिलिया : मला तीस वर्षं लागली, डॉन तिबुर्सिओ.

निनेत : बरं, बरं. पापा, धुतलेला सदरा घाला. वह्या मी बांधून ठेवते. गाडी सहाला सुटते, थांबत नाही कुणासाठी. आणि डॉक्टरबाई, तुम्ही पुढच्या सीटवर बसा. मागं हाडं खिळखिळी होतात.