दादाच्या रेकॉर्डरचा तडकलेला सांधा

...आणि वर तो दुकानदार मलाच विचारतो, काका, ते मॉडेल बंद झालं हे तुम्हाला माहीत नव्हतं का! आता तुम्हाला सांगतो, रेकॉर्डर म्हणजे गाणी साठवायचं यंत्र नव्हे हो, शाळेतली पोरं तोंडात धरून पींपीं करतात ती प्लास्टिकची उभी बासरी. मी आणि माझा थोरला भाऊ, दादा, पोरवयापासून तीच वाजवतो; दोघांची एकाच मॉडेलची, दादा वरचे सूर, मी खालचे. मॉडेल तसं दरिद्रीच! थुंकी साचली की आवाज बसतो, खालचा सूर जरा जोरात फुंकला की किंचाळते, आणि सांधा... सांधा तर तडकतोच. दादाच्या बासरीचा तडकला. डिंक लावून झाला, नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप लावून झाली, शेवटी दोन तुकडे हातात.

तुम्ही म्हणाल, नवी घ्या. घेतली की! पण दादाचं डोकं हल्ली... म्हणजे बायकोचं नाव विसरतो, बाथरूम कुठं ते विसरतो, फक्त बोटं काही विसरली नाहीत. आणि नवीची भोकं जरा लांब लांब. बोट टेकायला जावं तर भोक तिथं नाहीच. दादानं चाचपून पाहिलं, मांडीवर ठेवली आणि रडायला लागला. एवढा मोठा माणूस हो...

मग काय, दुकानं पालथी घातली. एक म्हणे ते मॉडेल बंद झालं, दुसरा म्हणे कधीच बंद झालं, तिसऱ्याला असं मॉडेल होतं हेच पटेना. घरी आलो तर वहिनीनं नुसतं माझ्या पिशवीकडे पाहिलं. पिशवीत माझी बासरी. अहो, त्या मॉडेलची धड अशी एकच उरली होती आणि ती घेऊन मी गावभर हिंडत होतो, नमुना म्हणून!

दिली दादाला. ओठाला लावली त्यानं, आणि तुम्हाला सांगतो, एक सूर चुकला नाही. मी ती नवी घेतली, नेहमीसारखा शेजारी बसलो. बोटं घसरत होती, तरी खालचे सूर धरले. वहिनी दारात उभी राहून ऐकत होती.

धून संपली. दादानं माझ्याकडे पाहिलं, हसला, आणि अगदी अदबीनं म्हणाला, "छान साथ दिलीत. पण जरा पलीकडे बसता का? ही धाकट्याची जागा आहे. तो येईलच एवढ्यात."

काय करता... बसलो पलीकडे, आणि त्याच्याबरोबर धाकट्याची वाट बघत राहिलो.