पोहणाऱ्या ताईची हाडं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, या जलतरण तलावाचे व्यवस्थापक महोदय. वेळात वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या डॉक्टर मॅडम. व्यासपीठावरील क्रीडा समितीचे मान्यवर सदस्य. ताईचे सहकारी प्रशिक्षक. तिच्या हाताखाली पाण्याची भीती विसरलेली सगळी लहानथोर मंडळी. आणि पहिल्या रांगेत ‘आता ही काय काय बोलणार’ अशा चेहऱ्याने बसलेली माझी थोरली बहीण, आपणा सर्वांना माझा सविनय नमस्कार.

मी सत्कारमूर्तींची धाकटी बहीण. व्यवसायाने घड्याळं दुरुस्त करते. बंद पडलेली वस्तू दिसली, की तिचं मागचं झाकण उघडून आत डोकावल्याशिवाय मला चैन पडत नाही. तेव्हा गौरवपर भाषणासाठी संयोजकांनी माझी निवड केली, यात त्यांची जराशी गल्लत झाली आहे असं मी नम्रपणे नमूद करते. ताईने किती पिढ्यांना पोहायला शिकवलं, हे आधीच्या वक्त्यांनी सुंदर सांगितलं. मी सांगणार आहे ते तिच्या हाडांबद्दल. परवानगी घेतली आहे. ‘सांग, पण रडवा चेहरा करू नकोस,’ असं ती म्हणाली. तिच्याकडून एवढी परवानगी म्हणजे पुष्कळ झाली.

ताईला स्तनाचा कर्करोग झाला होता, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले, आणि एके दिवशी ती पुन्हा काठावर उभी राहून ‘गुडघे वाकवू नका!’ म्हणून ओरडायला लागली. आपल्याला वाटलं, सुटलो. पण तिचा आजार स्त्री-हार्मोनवर पोसला जाणाऱ्या जातीचा. तो परतू नये म्हणून शरीरात उरलंसुरलं ते हार्मोनही बनू न देणारी एक गोळी तिला रोज, पुढची कित्येक वर्षं घ्यायची होती. केवढीशी गोळी! शर्टाच्या बटणापेक्षा लहान. डॉक्टर मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, ‘या गोळीने हाडं विरळ होतात, आधी हाडांची तपासणी करून घ्या.’ ताई बाहेर येऊन मला म्हणाली, ‘मी जन्मभर पोहतेय. माझ्या हाडांना काय धाड भरलीय?’

मग एका सकाळी घराच्या जिन्याची खालची पायरी चुकली. पडली असंही म्हणता येणार नाही, हात टेकून खाली बसली इतकंच. आणि मनगट मोडलं. उंच फळीवरून सूर मारणारी बाई, आणि तिला एका पायरीने मोडावं? मला वाईट वाटलंच. पण खरं सांगू का, त्याहून जास्त मला नवल वाटलं. असं कसं झालं?

तपासणीच्या खोलीत मी हट्टाने सोबत गेले. ताई पाठीवर उताणी, पाय एका उशीवजा ठोकळ्यावर टेकवलेले, आणि अंगावरून यंत्राचा एक आडवा हात अगदी सावकाश सरकतोय. दुखणं नाही, टोचणं नाही. पडद्यावर तिचा कणा उमटत गेला. मी तंत्रज्ञ मुलीला इतके प्रश्न विचारले, की शेवटी ती म्हणाली, ‘काकू, तुम्हीच झोपता का आता?’

निकाल घेऊन आम्ही डॉक्टर मॅडमच्या खोलीत गेलो. मॅडम इथे बसल्या आहेत. माझं कुठे चुकलं तर त्यांनी खुशाल थांबवावं.

‘कणा आणि खुबा, दोन्हीकडे हाड बरंच विरळ झालंय,’ त्या म्हणाल्या.

ताई उसळली. ‘कसं शक्य आहे? मी दिवसभर पाण्यात असते!’

‘तेच तर,’ मॅडम म्हणाल्या. ‘पोहण्याने तुमचं हृदय उत्तम आहे, दम उत्तम आहे. पण पाणी तुमचं वजन उचलून धरतं. हाडांवर भार पडला नाही, की त्यांना वाटतं, आपली इथे फारशी गरज नाही. अंतराळात राहून येणाऱ्यांची हाडंसुद्धा अशीच विरळ होतात.’

सभ्य स्त्री-पुरुषहो, मी ताईकडे पाहिलं. जिच्यावर आयुष्य उधळलं, त्या पाण्याविषयी असं ऐकल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.

मी विचारलं, ‘पण हाड म्हणजे एकदा तयार झालं की झालं ना?’ मॅडम हसल्या. म्हणाल्या, ‘छे! तिथे रात्रंदिवस काम चालू असतं. एक टोळी जुनं हाड खणून काढते, दुसरी मागोमाग नवं भरते. खणणाऱ्यांना आवरायचं काम त्या हार्मोनकडे होतं. आम्ही गोळी देऊन त्यालाच घरी बसवलं.’ मी तोंडाचा आ वासला. आपल्या आत एवढी खोदाई चाललेली असते आणि आपल्याला पत्ताही नसतो!

घरी आल्यावर ताईने चहाचा कप पुढे सरकवला आणि म्हणाली, ‘उद्यापासून गोळी बंद.’

मग कारणही तिनेच सांगितलं. ‘कर्करोग परत आला, तर निदान समोर तरी येईल. पण शिंक आली आणि मणका मोडला, याला काय म्हणायचं? आणि एखादं पोर बुडायला लागलं, मी त्याला काठावर ओढायला गेले आणि माझाच हात गेला तर? मग मी तिथे उभी तरी कशाला राहू?’

तेव्हा मला कळलं, हाडांची काळजी तिला स्वतःसाठी नव्हतीच. मी म्हटलं, ‘ताई, बंद करायची तर कर. पण मला अजून आतलं सगळं कळलेलं नाही. एकदा विचारून येऊ, मग तू ठरव.’

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा दारात. ताईने आदल्या दिवशीचं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. मॅडमनी ना दटावलं, ना घाबरवलं. त्यांनी सांगितलं, की या गोळीच्या जागी देता येईल अशी, हाडांना जपणारी दुसरी एक गोळी आहे, पण तिने रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, आणि ताईच्या पायात पूर्वी एकदा गुठळी झाली होती; म्हणून तो रस्ता बंद. पहिली गोळी मात्र कर्करोगाला दूर ठेवायचं काम चोख करतेय. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी विचारलं, ‘तुम्हाला हाडं नेमकी कशासाठी हवी आहेत?’

‘माणूस पाण्यातून बाहेर ओढण्यासाठी,’ ताई म्हणाली.

‘मग त्यासाठीच तयार करू. गोळी चालू ठेवा. खणणाऱ्या टोळीला आवरायला शिरेतून औषध देऊ. आणि तुम्ही पाण्याबाहेर या.’

औषधाआधी त्यांनी आम्हाला पाठवलं कुठे, तर दातांच्या डॉक्टरांकडे! हाडांचं दुखणं आणि दातांची खुर्ची? मला राहवलं नाही, विचारलंच. तर म्हणे, या औषधावर असताना दात काढायची वेळ आली, तर जबड्याचं हाड क्वचित भरून येत नाही; म्हणून आधीच डागडुजी करून घ्यायची. ताईची एक दाढ त्यात गेली. औषध दिलं त्या दिवशी संध्याकाळी तिला ताप चढला, अंग ठणकलं. ती पांघरुणातून म्हणाली, ‘धाकटे, तुझी हौस फिटली का गं?’ दोन-तीन दिवसांत उठून बसली.

खरी परीक्षा पुढे होती. जिने आयुष्यभर इतरांना शिकवलं, तिने व्यायामशाळेत नवखी म्हणून उभं राहायचं. फिजिओथेरपिस्ट सरांनी तिला वजन उचलायला लावलं, एका पायावर तोल सांभाळायला लावलं, मनगट बरं झाल्यावर हळूहळू छोट्या उड्या मारायला लावल्या. कंबरेतून वाकून ओझं उचलायचं नाही, गुडघ्यातून बसायचं, हे पुन्हा पुन्हा घोटून घेतलं. इथल्या प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर ती चढउतार करायची, तेव्हा पोरं विचारायची, ‘मॅडम, पाण्याशी भांडण झालं का?’ ती म्हणायची, ‘नाही रे, पाण्याने फार लाड केले.’

एकदा मी तलावावरचं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करायला आले होते. शिडीवर होते. खोल बाजूला एक नवशिके गृहस्थ, चांगले अंगापिंडाने भरलेले, घाबरले आणि गटांगळ्या खायला लागले. ताईने उडी मारली. त्यांनी तिच्या गळ्यालाच मिठी घातली. तिने त्यांना वळवलं, काठापर्यंत ओढलं आणि दुसरे प्रशिक्षक धावत येईपर्यंत एका हाताने काठ आणि दुसऱ्या हाताने त्यांना धरून ठेवलं. ते गृहस्थ आज सभागृहात आहेत. मला वाटतं, हात वर करायला लाजताहेत.

सगळं निवल्यावर ताई भिंतीला पाठ लावून बसली. तिने मनगट फिरवून पाहिलं, खांदा उचलून पाहिला, बरगड्यांवरून हात फिरवला. मग माझ्याकडे बघून इतकं हसली, इतकं हसली, की मलाही हसू आवरेना आणि शिडीवरून खाली यावं लागलं.

पुढे पुन्हा तपासणी झाली. मॅडम म्हणाल्या, ‘कणा थोडा सुधारलाय. खुबा आहे तिथेच आहे.’

ताईचा चेहरा पडला. ‘तिथेच? एवढ्या उड्या मारून?’

‘ही गोळी घेत असताना तिथेच राहणं म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायचं?’ मॅडम म्हणाल्या. ‘प्रवाहाच्या उलट पोहून जागा न सोडणं. तुमच्या पोरांना विचारा, सोपं असतं का.’

यावर ताईने तपासणीचा कागद निमूटपणे घडी घालून पर्समध्ये ठेवला. आणि माझ्या ताईने वाद न घालणं ही, अध्यक्ष महोदय, नोंद घेण्याजोगी घटना आहे.

आज ती इथून निवृत्त होते आहे, पण घरी बसणार नाही. सोमवारपासून इस्पितळाच्या मागच्या सभागृहात ती त्या गोळीवर असलेल्या बायकांचा वर्ग घेणार आहे. फिजिओथेरपिस्ट सर व्यायाम ठरवणार, ताई करून घेणार. कोणाचं मनगट मोडायच्या आत हे सुरू व्हायला हवं, असं तिचं म्हणणं आहे. इथे बसलेल्यांच्या घरी कोणी अशी गोळी सुरू करत असेल, तर हाडांची तपासणी पहिल्याच दिवशी करून घ्या, हा निरोप तिने मला मुद्दाम द्यायला सांगितला आहे.

आता एक शेवटची गोष्ट, जी ताईलासुद्धा ठाऊक नाही. त्या तंत्रज्ञ मुलीचं बोलणं माझ्या डोक्यातून जाईना. मागच्या आठवड्यात मीही त्या यंत्राखाली झोपून आले. मला कर्करोग नाही, ती गोळी नाही. पण दिवसभर स्टुलावर वाकून घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बाईची हाडंही विरळ व्हायला लागली आहेत, असं मॅडम म्हणाल्या. ताई, अशी रागाने बघू नकोस. मी नाव घालून आले आहे. सोमवारी तुझ्या वर्गात मागच्या रांगेत मी उभी असेन.

मला बोलण्याची संधी दिल्याबद्दल संयोजकांचे, सगळं समजावून सांगितल्याबद्दल डॉक्टर मॅडमचे आणि इतका वेळ शांतपणे ऐकल्याबद्दल आपणा सर्वांचे मनापासून आभार. घरातल्या गोष्टी चारचौघांत सांगताना कुठे जास्त बोलले असेन, कुठे वैद्यकाचं काही अर्धवट सांगितलं असेन, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्यावं. ताईकडून माफीची मात्र मी आशा करत नाही. ती सोमवारी सगळं वसूल करेलच.

नमस्कार.